वय वाढतं तसं वाचन का बदलतं, आणि पुस्तकांचं पुढं काय

“आता कोण वाचतंय हो?” कोल्हापुरात पुस्तक प्रकाशनाला जा, शाळेच्या बक्षीस समारंभाला जा, हे वाक्य कानावर पडतंच. म्हणणाऱ्याची कळकळ खरी असते. पण कुणाचं वाचन, कुठल्या वयातलं, कशासाठीचं, हे त्यात येत नाही. सहा वर्षांच्या पोराचं वाचन आणि सत्तरीतल्या आजीचं वाचन यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. डोळे वेगळे, मेंदूला पडणारं काम वेगळं, हाताशी असलेला वेळ वेगळा. आयुष्यात काही ठरावीक वळणांवर वाचन बदलतं, काही ठिकाणी सुटतं, आणि पुष्कळदा परतही येतं. ही वळणं समजून घेतली तर पुस्तकांच्या भवितव्याबद्दल नुसती हळहळ करत बसावं लागणार नाही.

सुरुवात मेंदूपासून करू. बोलणं माणसाच्या अंगातच आहे. मूल चार माणसांत वाढलं की बोलायला लागतं. लिहिणं मात्र पाच हजार वर्षांच्या आसपासचं. एवढ्याशा काळात मेंदूत वाचनासाठी खास जागा तयार होणं शक्यच नव्हतं. मग मूल वाचतं कसं? मेंदूच्या डाव्या बाजूला, मागं आणि खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग असतो. वाचायला शिकताना त्यातलाच एक तुकडा अक्षरं ओळखायच्या कामाला लागतो आणि बोलण्या-ऐकण्याच्या भागांशी जोडला जातो. स्तानिस्लास दहेन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञानं हे तपशिलात मांडलंय. बालवाडीतली मुलं कधीकधी अक्षरं उलटी काढतात, आरशात दिसावीत तशी, आणि आईबाप घाबरून जातात. त्याचं कारण यातच आहे. कपाचा कान उजवीकडं असो की डावीकडं, कप तोच, हे त्या भागाला पक्कं ठाऊक असतं. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. बहुतेक मुलांची ती वर्ष-दोन वर्षांत मोडते.

देवनागरीत या कामाला जास्त वेळ लागतो, आणि मुलांवर ओरडताना आपण तेच विसरतो. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. पहिलीतली मुलगी ‘बिस्किट’ वाचत असेल तेव्हा तिच्या बोटाकडं बघा. बोट आधी वेलांटीवर जातं, कारण ती डावीकडं आहे. जिभेला मात्र आधी ‘ब’ म्हणायचं असतं आणि मग ‘इ’. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. ती थांबते, बोट मागं घेते, ओठ हलवून बघते, ‘बि’ जमतं. लगेच पुढं ‘स्कि’ उभं, तिथं तर वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. हिंदी वाचणाऱ्यांवरचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम असा उलटा असला की वाचायला जास्त वेळ लागतो, हे त्यात दिसलं. त्यात भर म्हणून ‘र’ची रूपं: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका, ‘राष्ट्र’मध्ये वेगळा आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी वेगळा. हे सगळं पक्कं व्हायला तिसरी-चौथी उजाडली तर मुलगी मठ्ठ नाही, ती अवघड काम करतेय.

तिसरी-चौथी हेच पहिलं मोठं वळण. तोवर मूल वाचायला शिकतं, त्यानंतर त्यानं वाचून शिकायचं असतं. सराईत वाचकाचे डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. सेकंदाला साधारण चार उड्या, मध्ये पाव सेकंदाचा मुक्काम, आणि त्या मुक्कामात शब्द ओळखून झालेला असतो. ज्या मुलाचं अक्षर ओळखणं अजून कष्टाचं आहे, त्याची सगळी ताकद तिथंच खर्च होते. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरलेली असते. मग गोष्टीत काय गंमत उरणार? त्याला वाचन आवडत नाही असं आपण म्हणतो, पण आवडण्याच्या जागेपर्यंत ते पोचलेलंच नसतं. ग्रामीण भारतात दारोदारी जाऊन केलेल्या ‘असर’ पाहणीत 2024 साली सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी 44.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. 2022 मध्ये हाच आकडा 38.5 होता, म्हणजे सुधारणा आहे. तरीही निम्म्याहून जास्त मुलं पुस्तकाच्या दाराशीच अडलेली आहेत. वाचन संस्कृतीची काळजी करायची तर ती आधी इथं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी अक्षर शिकवायचं आणि मग ते टिकवायचं, असं हे दोन टप्प्यांचं काम आहे, हे कोल्हापूरला फार आधी कळलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. अक्षर शिकवण्याची सोय झाली. पण शिकलेलं अक्षर टिकायला पुस्तक हाताशी लागतं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून शहरात होतंच. पुढं 1945 साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला तो पहिला. मद्रासचा कायदा 1948 चा, आणि महाराष्ट्र राज्याचा तर 1967 चा. कोल्हापूरकरांनी अभिमानानं सांगाव्यात अशा गोष्टींत हा कायदा यायला हवा, आणि तो फारसा येत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरं वळण बारा ते सोळा वर्षांचं. जी मुलं लहानपणी गोष्टींची पुस्तकं फडशा पाडल्यासारखी संपवत होती, तीही इथं थांबतात. हे जगभर दिसतं. ब्रिटनमध्ये 2025 साली 8 ते 18 वयाच्या मुलांना विचारलं तेव्हा वाचायला आवडतं असं सांगणारी मुलं तिनात एक निघाली, वीस वर्षांतला हा नीचांक. मोबाइल हे एक कारण आहे, यात शंका नाही. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोपं आहे म्हणून आपण तो मारतो. या वयात मित्रमैत्रिणींचं म्हणणं घरच्यांपेक्षा मोठं होतं. शाळा, क्लास, गृहपाठ यांत दिवस संपतो. आणि मुलांची आवड एकदम पुढं सरकलेली असते, तर मोठी माणसं अजून त्यांच्या हातात संस्कारकथा देत असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत लिहिलेली पुस्तकं किती कमी आहेत, ते कुठल्याही दुकानात बालविभाग आणि कादंबऱ्यांचा विभाग यांच्या मधल्या जागेत उभं राहिलं की कळतं. त्या मधल्या जागेत फळीच नसते. मुलगा मग इंग्रजीकडं वळतो किंवा वाचायचंच सोडतो. इंग्रजीकडं वळला तर मला आनंदच आहे, वाचन तरी चालू राहतं. पण परत मराठीकडं यायची वाट त्याला कुणीतरी ठेवायला हवी.

त्यानंतर येतात अभ्यासिका. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत सकाळी लवकर बाहेर पडा, पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली पोरं-पोरी खुर्ची पकडायला निघालेली दिसतील. एमपीएससी, पोलिस भरती, तलाठी, बँका. दिवसाला आठ-दहा तास ती वाचतात. याला वाचन म्हणायचं का, असा प्रश्न काही ज्येष्ठ लोक नाक मुरडून विचारतात. म्हणायचंच, आणि ते कष्टाचं वाचन आहे. फक्त त्याची जात वेगळी. उत्तर शोधत, खुणा करत, नोट्स काढत केलेल्या वाचनात मेंदू प्रत्येक ओळीला विचारतो, ‘हे विचारतील का?’ कादंबरी वाचताना हाच प्रश्न विसरावा लागतो. वर्षानुवर्षं एकाच जातीचं वाचन केलं की दुसरीची सवय मोडते. तालमीत जाणं सुटलेल्या पैलवानाला ताकद असूनही दम पुरत नाही, तसं तीनशे पानांच्या पुस्तकापुढं होतं. चांगली गोष्ट ही की दम परत कमावता येतो. रोज वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, आणि सुरुवातीला लेखकाचं नाव बघून नव्हे तर ओढून नेणारी गोष्ट बघून निवडलेलं पुस्तक. काही आठवड्यांत फरक जाणवतो.

तिशी ते पन्नाशी या काळाबद्दल फार सांगायची गरज नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली पाळी, मुलांच्या शाळा, घरातलं आजारपण. बायकांच्या वाट्याला यातलं दुप्पट. अमेरिकेत लोकांच्या दिवसाची नोंद ठेवणाऱ्या पाहणीत रोज आवडीनं काही वाचणाऱ्यांचं प्रमाण 2004 मध्ये 28 टक्के होतं, 2023 मध्ये 16. म्हणजे श्रीमंत देशातही मोकळा वेळ पुस्तकाच्या हातून निसटलाय. आपल्याकडं मात्र या वयासाठी एक सोय आपोआप तयार झालेली आहे, दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 साली काढला तेव्हापासूनची ही रीत. ग्रंथालयं ठरावीक वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात, आणि एरवी वर्षभर पुस्तक हातात न धरणारी माणसंही त्यासाठी नाव नोंदवतात. कारण उघड आहे. एक कथा अर्ध्या तासात संपते, पुढची आठवड्यानं वाचली तरी चालते. आयुष्याचे तुकडे झालेले असतात तेव्हा वाचनही तुकड्यांत मिळालं की टिकतं. अनेकांचं मराठी वाचन या दोन-तीन महिन्यांच्या जोरावर वीस वर्षं तग धरून राहतं.

आता डोळे. साधारण चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं आणि जवळचं दिसणं कठीण होतं. पुस्तक हळूहळू लांब धरलं जातं. चष्मा लावायचं माणूस टाळतो. दोन पानांत कपाळ दुखतं, झोप येते, आणि “आता वाचनात मन रमत नाही” असं तो स्वतःला सांगतो. मन ठीक असतं, चष्म्याचा नंबर हवा असतो. साठीनंतर दुसरा बदल: बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. नातू ज्या दिव्याखाली मजेत वाचतो त्याच दिव्याखाली आजोबांना पान करडं दिसतं. त्यांच्या खांद्यामागून पानावर पडणारा एक चांगला दिवा, हा वाचन वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेक घरांत तो केलेला नसतो.

मेंदूच्या बाबतीत मात्र वय तितकं निर्दय नाही. वेग कमी होतो, नावं लवकर आठवत नाहीत, हे खरं. पण शब्दसंग्रह साठी-पासष्टीपर्यंत वाढत राहतो, असं मोठ्या संख्येनं लोकांच्या चाचण्या घेऊन केलेल्या 2015 च्या अभ्यासात दिसलं. मोठी माणसं सुटी वाक्यं विसरतात, पण गोष्टीचा एकूण आशय तरुणांइतकाच नीट धरून ठेवतात. आयुष्यभराचं पाहिलेलं-सोसलेलं जोडीला असतं. म्हणून साठीनंतर पुन्हा पुस्तकाकडं वळलेली माणसं मला सगळ्यात जाणती वाचक वाटतात. वाचणारे लोक जास्त जगतात असं दाखवणारे अभ्यासही आहेत. त्यावर मी फार भर देणार नाही, कारण निरोगी माणूस जास्त वाचू शकतो हेही तितकंच खरं असू शकतं.

अशा वाचकाला आपण देतो काय? ग्रंथालयाच्या काउंटरवर एक दृश्य नेहमी दिसतं. आजी पुस्तक हातात घेतात, मुखपृष्ठ बघत नाहीत, मागचा मजकूर वाचत नाहीत. थेट मधलं पान उघडून डोळ्यांपासून जरा लांब धरतात आणि परत ठेवतात. असं दोन-तीन पुस्तकांचं झालं की म्हणतात, “बाळा, जरा ठळक अक्षराचं काय असंल तर बघ की.” आणि काउंटरवरच्या मुलाकडं देण्यासारखं जवळजवळ काही नसतं. देवनागरीत हा प्रश्न जास्त टोचतो. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, एवढं सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं म्हणजे अक्षराचा मूळ भाग लहानच राहतो. इंग्रजीत मोठ्या टायपाच्या आवृत्त्या कित्येक दशकं निघतायत, ग्रंथालयांत त्यांचे वेगळे विभाग असतात. मराठीत गाजलेल्या कादंबऱ्यांच्या तशा आवृत्त्या नियमानं काढाव्यात, हे अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

कान हा दुसरा रस्ता, आणि तो आपल्याला नवा नाही. श्रावणात एकानं पोथी वाचायची आणि घरानं, शेजारानं ऐकायची, ही रीत छापील पुस्तकापेक्षा जुनी आहे. एकटं, मनातल्या मनात वाचणं हीच त्या मानानं अलीकडची सवय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये तीच गोष्ट लोकांना वाचायला आणि ऐकायला देऊन मेंदूची चित्रं घेतली. अर्थ लागतो तेव्हा दोन्हीत जवळपास तेच भाग तसेच काम करताना दिसले. तेव्हा ऐकलेलं पुस्तक हे खोटं वाचन, असं म्हणू नये. फरक एवढाच की ऐकताना मागं जाऊन ओळ पुन्हा बघणं अवघड, आणि मन भरकटलं तरी आवाज पुढं जात राहतो. कथा-कादंबरीला हे चालतं, गुंतागुंतीच्या युक्तिवादाला नाही. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल हे ॲप 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकं ऐकणाऱ्यांची सोय बरीच वाढलीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेल्या माणसाला, भाकऱ्या थापणाऱ्या बाईला, ट्रक चालवणाऱ्याला यात पुस्तक परत मिळतं.

कागद की पडदा, या वादाचं उत्तरही बऱ्यापैकी हाती आहे. 2000 ते 2017 या काळातले 54 अभ्यास, त्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक, यांचा एकत्र हिशेब 2018 मध्ये मांडला गेला. माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो. गोष्ट वाचताना फरक दिसत नाही. पडद्यावर आपण भरभर वाचतो आणि समजलं असं लवकर धरून चालतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना माझं सांगणं: राज्यघटना कागदावर वाचा, कादंबरी खुशाल फोनवर.

पण मराठी पुस्तकं फोनवर नीट येतात कुठं? ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेनं मराठीला डिसेंबर 2016 मध्ये जागा दिली. तरी गेल्या तीसेक वर्षांत छापलेली असंख्य पुस्तकं अडकून पडली आहेत, आणि कारण अगदी तांत्रिक आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती जुळवली गेली, तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रुळलेलं नव्हतं. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वर फक्त मराठी आकार, अशी ती व्यवस्था. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. तिच्यात शब्द शोधता येत नाही, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कळत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं घसरतात; माणसानं बसून मुद्रितं तपासावीच लागतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचक पान इकडून तिकडं ढकलत बसतो.

एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की त्याच मजकुरातून फोनवरचं पुस्तक निघतं, आवाज निघतो आणि मोठ्या टायपाची छापील प्रतही निघते. छपाईचं गणितही आता बदललंय. ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच होतो, म्हणून हजारभर प्रती काढल्याशिवाय परवडत नाही, आणि न खपलेल्या प्रती गोदामात राहतात. डिजिटल छपाईत एक प्रत महाग पडते, पण पन्नास काढल्या तरी चालतं. त्यामुळं संपलेली आवृत्ती परत आणणं आणि कमी ग्राहकांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत काढणं, दोन्ही शक्य झालंय. हक्कांचा प्रश्नही सगळीकडं आडवा येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून कुणालाही छापता येतं. वि. स. खांडेकर, ज्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध या शहरात काढला, 1976 साली गेले. त्यांचं लेखन 2037 मध्ये मुक्त होईल, तोवर प्रकाशकाशी बोलून करार करावा लागेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी मिळून मोठ्या अक्षरांच्या पन्नास-शंभर पुस्तकांची मागणी एकदम नोंदवली, तर प्रकाशकाला ती काढणं परवडू शकतं. टाइप अठरा पॉइंटचा, दोन ओळींत मोकळी जागा, कागद न चमकणारा आणि पुस्तक दोन भागांत, म्हणजे हातात जड होणार नाही. कुठली पुस्तकं आधी घ्यायची यासाठी वेगळी समिती नको. साठीच्या पुढच्या सभासदांनी गेल्या पाच वर्षांत काय नेलं, ते देवघेवीच्या नोंदींत आहेच.